मला राग येतो, मला वैताग येतो: स्पॅनिशमध्ये माणसांचं वर्णन आणि रोजची कटकट कशी सांगायची

माद्रिदला शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहायचे तेव्हा वरच्या मजल्यावरचा शेजारी रोज रात्री साडेबारा-एकच्या सुमारास खुर्च्या सरकवायचा. म्हणजे उचलून ठेवायच्या नाहीत, घर्रर्र करत ओढायच्याच. सकाळी ऑफिसात कोणी विचारलं की डोळे का एवढे सुजलेत, तर माझी गाडी "बेसिनो... रुइदो... नोचे..." म्हणजे शेजारी, आवाज, रात्र, इथंच थांबायची आणि पुढे हातवारे. सर्टिफिकेट होतं हो माझ्याकडे, एकदोन लेव्हलचं, त्यात मला म्युझियमचं तिकीट काढता येत होतं आणि हॉटेलात टॉवेल मागता येत होता, पण हा माणूस दिसतो कसा आणि त्याचं काय डोक्यात जातं, एवढी साधी गोष्ट काही केल्या जमेना.

नंतर कळलं की घोळ स्पॅनिशचा नव्हताच, मी ती इंग्लिशमधून शिकत होते हा घोळ होता. इंग्लिश पुस्तकं एक अख्खा धडा खर्च करून सांगतात की बघा, ही काही क्रियापदं उलटी चालतात, यात आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस बाजूला. अहो पण मराठीत आपण "मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात, मला कैरी आवडते" असंच तर म्हणतो जन्मापासून! आपल्याला उलटं काहीच नाहीये. म्हणून हे सगळं मराठीतून लिहितेय. जिथे मराठी फसवते तिथेही सांगेन, कारण तशाही जागा आहेत.

आधी वाचायचं कसं ते. स्पॅनिश शब्द मी देवनागरीतच लिहितेय, "ख" दिसला की घसा खरवडून काढायचा, "च" म्हणजे चार मधला च, चमच्यातला नाही. स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी जीभ दातात धरून थ सारखा एक आवाज काढतात, लॅटिन अमेरिकेत तिथे सरळ स, मी स लिहिलाय. त आणि द आपलेच, दाताला जीभ लावून, यात आपण जन्मतःच पुढे आहोत, इंग्रज लोक इथे ट-ड करून माती करतात. आणि "न्य" जपून बोला. वय सांगताना "आन्योस" म्हणजे वर्षं, तिथे "आनोस" म्हणालात तर मला गुदद्वारं तीस आहेत असा अर्थ होतो, आणि समोरचा सभ्य असेल तरच हसू दाबेल.

दिसायला कसा आहे

आपण म्हणतो "तिचे केस लांब आहेत". हे शब्दाला शब्द ठेवून "सु पेलो एस लार्गो" केलं तर चूक नाही, पण कोणी तसं सहसा बोलत नाही. ते म्हणतात "त्येने एल पेलो लार्गो", तिच्याकडे केस लांब आहेत. "त्येने" म्हणजे आहे-जवळ-आहे, तेनेर या क्रियापदाचं रूप. "त्येने लोस ओखोस बेर्देस", डोळे हिरवे किंवा घारे. "त्येने ला नारीस ग्रान्दे", नाक मोठं. मधलं "एल, ला, लोस, लास" खाऊ नका. मराठीत असलं काही नसल्यामुळे आपण सगळे ते गिळतो, मी वर्षभर गिळलं. दाढीमिशीला मात्र ते लागत नाही, "त्येने बार्बा", त्याला दाढी आहे, बास. आणि नुसतं वर्णन नसून कौतुक करायचं असेल तर "लोस" च्या जागी "उनोस" येतं, "त्येने उनोस ओखोस प्रेसिओसोस", काय सुंदर डोळे आहेत तिचे.

एकवचन-अनेकवचनात तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो. आपले केस अनेक, त्यांचा "पेलो" एक. आपला चष्मा एक, त्यांचे "गाफास" अनेक (काचा दोन आहेत म्हणून असेल), "येबा गाफास" म्हणजे चष्मा लावतो, मेक्सिकोकडे "उसा लेन्तेस". आणि आपले लोक अनेक पण "ला खेन्ते" एक, म्हणजे "लोक बोलतात" म्हणताना क्रियापद एकवचनी, "ला खेन्ते आब्ला". हे तिसरं पुढे कटकटीत फार लागणारे, लक्षात ठेवा.

विशेषण नामाच्या मागून येतं. आपण घारे डोळे म्हणतो, ते डोळे घारे. काही विशेषणं पुढे आली तर अर्थच बदलतो, "ओम्ब्रे पोब्रे" म्हणजे गरीब माणूस, पैसे नसलेला, आणि "पोब्रे ओम्ब्रे" म्हणजे बिच्चारा, भले कोट्यधीश का असेना.

लिंगाप्रमाणे बदल आपल्याला शिकवायला नको. बुटका-बुटकी तसं "बाखो-बाखा", अनेकवचनात "बाखोस-बाखास". आणि आपल्याकडे हुशार, सुंदर, चलाख ही जशी पुरुषालाही तीच आणि बाईलाही तीच, तसं तिकडे ए वर संपणारी विशेषणं, "इन्तेलिखेन्ते" हुशार, "ग्रान्दे" मोठा. फक्त अनेकवचनाला स लावायचा. एक खोड अशी की "इस्ता" वर संपणारी पुरुषालाही आ नेच संपतात. "एगोइस्ता" म्हणजे स्वार्थी, मी ऑफिसातल्या एकाला अगदी शुद्ध व्याकरणाचा आव आणून "एगोइस्तो" म्हणाले आणि माझा रागच हास्यास्पद झाला. तीन लिंगांतून दोन लिंगांत जाणं तसं सोपंय, फक्त एक बघा, आपण नवराबायकोला "ती दोघं" म्हणून नपुंसकलिंगात टाकतो, स्पॅनिशमध्ये एक जरी पुरुष असला की सगळा घोळका पुल्लिंगी.

आणि एक गंमत. आपण भल्या दाढीवाल्या बाप्याबद्दलही "ती व्यक्ती उंच होती" म्हणतो ना? तिकडे "पेर्सोना" पण स्त्रीलिंगीच. "मि खेफे एस उना पेर्सोना मुइ सेर्या", माझा बॉस खूप गंभीर व्यक्ती आहे, बॉस पुरुष तरी "सेर्या". हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती, जीभ आपोआप तसंच म्हणाली.

पण त्याच वाक्यातला "मुइ" बघा. आपल्या "खूप" मध्ये त्यांचे दोन शब्द लपलेत. विशेषणापुढे "मुइ", खूप उंच म्हणजे "मुइ आल्तो". क्रियापदामागे "मुचो", खूप आवडतं म्हणजे "मे गुस्ता मुचो". "मे गुस्ता मुइ" ऐकलं की लगेच ओळखावं, कोणीतरी आपला माणूस बोलतोय.

वयाचा अंदाज कसा सांगायचा यासाठी तर मराठीवाल्यांना पेढे वाटावेत. "चाळीसेक वर्षांचा असेल" म्हणतो ना आपण, असेल, भविष्यकाळ, पण अर्थ भविष्याचा नाही, अंदाजाचा. अगदी तेच, "तेन्द्रा उनोस क्वारेन्ता आन्योस". तेन्द्रा म्हणजे तेनेरचा भविष्यकाळ. इंग्लिशमधून हे शिकताना डोक्याचा भुगा होतो. उंची मात्र मीटरमध्ये सांगतात, फूट-इंच विसरा, पाच फूट नऊ इंचवाला माणूस "मिदे उनो सेतेन्ता इ सिन्को", म्हणजे एक पंच्याहत्तर. आणि आईवर गेलाय हे "आ सालिदो आ सु माद्रे", आईकडे निघालाय असं काहीसं, पण आपल्या "वर गेलाय" च्या चुलत घरचंच वाटतं मला.

रंगाचं थोडं सांभाळून. सावळी म्हणजे "मोरेना", पण स्पेनमध्ये गोऱ्यापान बाईलाही केस काळे म्हणून मोरेना म्हणतात. ऑगस्टात समुद्रावरून परत आलेल्याला "के मोरेनो एस्तास" म्हणणं ही तिथे स्तुती असते, किती छान रापलायस असं. आपल्याकडे हेच वाक्य लग्नाच्या मुलीला कोणत्या सुरात ऐकवतात ते सगळ्यांना माहितीये. सोनेरी केसवाला स्पेनमध्ये "रुब्यो", मेक्सिकोत "ग्वेरो", कोलंबियात "मोनो", आणि मोनो म्हणजे इतरत्र माकड! स्पेनमध्ये परत मोनो म्हणजे गोंडस सुद्धा. कुरळे केस स्पेनमध्ये "रिसादो", मेक्सिकोत "चीनो". म्हणजे कोणत्या देशातल्या माणसाशी बोलतोय ते आधी बघा मग कौतुक करा.

बारीक-जाड सांगताना नुसतं "गोर्दो" कानाला लागतं, मागे "इतो" लावला की "गोर्दीतो", आपलं गुटगुटीत. "बाखीतो" म्हणजे बुटकुला. उलट मोठं करायचं तर "ओन", काबेसा म्हणजे डोकं, "काबेसोन" म्हणजे मोठ्या डोक्याचा आणि हट्टीसुद्धा. आणि "उदो" लावला की आपला केसाळ तयार होतो, "पेलूदो". लॅटिन अमेरिकेत नवरा बायकोला "गोर्दा" आणि मित्र मित्राला "फ्लाको", लुकड्या, म्हणून लाडाने हाक मारतो, आपल्या जाड्या-बारक्यासारखंच. पण ते जवळच्यांनी, तुम्ही पहिल्याच भेटीत नको.

एस की एस्ता

आपलं एकच "आहे" आणि त्यांचे दोन, सेर आणि एस्तार. गोव्यात ज्यांच्या घरी आजी-आजोबांची पोर्तुगीज कानावर पडली त्यांना हे नवीन नाही, तिथेही हीच दोन आहेत. बाकीच्यांना मी संस्कृतमधून लक्षात ठेवायला सांगते. "एस" हा लॅटिनच्या एस्त मधून आलाय, म्हणजे आपल्या अस्ति चा सख्खा भाऊ. आणि एस्तार हा स्तारे म्हणजे उभं राहणं यातून, तो स्था धातूचा भाऊ. तेव्हा माणूस मुळात असा आहे हे सांगायचं तर अस्ति, एस. त्याची सध्याची स्थिती सांगायची तर स्था, एस्ता. पुस्तकं कायमचं आणि तात्पुरतं असं सांगतात, त्यावर जाऊ नका. मेलेला माणूस "एस्ता मुएर्तो" असतो, त्याहून कायमचं काय असणार! पण मेलेलं असणं ही स्थिती आहे, स्वभाव नाही.

एकच विशेषण दोन्हींबरोबर घेऊन बघा म्हणजे खरी मजा. "एस ग्वापा", ती देखणी आहे. "एस्ता ग्वापा", आज छान दिसतेय (आणि चुकून पहिल्याच्या जागी दुसरं म्हणालात तर एरवी दिसत नाही का, असा प्रश्न येऊ शकतो). "एस आबुर्रीदो", माणूस बोअर आहे. "एस्ता आबुर्रीदो", बिचारा बोअर झालाय. "एस लीस्तो" हुशार, "एस्ता लीस्तो" तयार. "एस मालो" वाईट, "एस्ता मालो" आजारी. "एस कायादो" मितभाषी, "एस्ता कायादो" आज का कोण जाणे गप्प बसलाय. आणि कटकटीसाठी सगळ्यात उपयोगी, "एस पेसादो". पेसादो म्हणजे खरं तर वजनदार, पण माणसाला लावलं की पकाऊ. "नो सेआस पेसादो", पकवू नकोस ना.

आता कटकट

मूळ साचा: मे मोलेस्ता. मला त्रास होतो, मला खटकतं. (इंग्लिशमधला तसाच दिसणारा शब्द फार गलिच्छ अर्थाचा आहे, तो इथे आणू नका, स्पेनच्या हॉटेलांत दारावर लावायच्या पाटीवरही "नो मोलेस्तार" असतं, त्रास देऊ नये, इतका साधा शब्द आहे हा.) मला मे, तुला ते, त्याला-तिला-आदरार्थी तुम्हाला ले, आम्हाला आणि आपल्याला दोन्हीला नोस, त्यांना लेस. "तुम्हा लोकांना" यासाठी स्पेनमध्ये मित्रमंडळीत ओस, बाकी सगळीकडे लेसच.

क्रियापद त्रास देणाऱ्या गोष्टीप्रमाणे चालतं, आंबा आवडतो-आंबे आवडतात सारखं. "मे मोलेस्ता एल रुइदो", आवाजाचा त्रास होतो. "मे मोलेस्तान लास मोस्कास", माशांचा. इथेही एल, लास पाहिजेच. "मे मोलेस्ता रुइदो" असं नाही.

माणसाचं नाव किंवा नातं घेतलं की आपण एकदाच "ला" लावतो, ते दोनदा सांगतात. "आ मि स्वेग्रा ले मोलेस्ता एल उमो", माझ्या सासूबाईंना, त्यांना, धुराचा त्रास होतो. हे दोनदा सांगणं आपल्याला बावळटपणा वाटतो आणि आपण "ले" गाळतो. गाळू नका. जाता जाता, स्वेग्रा आणि सासू एकाच मुळाच्या, संस्कृत श्वश्रू, लॅटिन सोक्रुस. सासू काय, सगळीकडे पोचलेली.

आता रागाच्या पायऱ्या. "मे मोलेस्ता" साधारण. "मे दा राब्या" म्हणजे चीड येते, शब्दशः मला चीड देतं, आणि हा "दार" म्हणजे आपलं देणंच, संस्कृत दा. या "मे दा" वर कितीतरी चालतं. "मे दा आस्को" किळस वाटते, "मे दा बेर्ग्वेन्सा" लाज वाटते, "मे दा मिएदो" भीती वाटते, "मे दा इग्वाल" काही फरक पडत नाही. माझं सगळ्यात लाडकं "मे दा पेरेसा", पेरेसा म्हणजे आळस, पण वाक्याचा अर्थ बरोब्बर आपला "मला कंटाळा येतो", जिमला जायचा, फोन करायचा, भांडी घासायची. इंग्लिशमध्ये हे इतकं सरळ सांगताच येत नाही. लाज ऐवजी इंग्लिशच्या वळणाने "एम्बारासादा" म्हणाल तर मी गरोदर आहे असं जाहीर कराल, तेव्हा बेर्ग्वेन्सा.

पण इथेच मराठी फसवते, नीट ऐका. मला भूक लागली, मला तहान लागली, मला झोप येते, मला थंडी वाजते, सगळीकडे "मला", म्हणून आपण मे लावायला जातो. तिथे मे नाही, तेनेर. "तेन्गो आम्ब्रे, तेन्गो सेद, तेन्गो स्वेन्यो, तेन्गो फ्रीओ." माझी युक्ती अशी, कोण देतंय ते विचारायचं. नुसती झोप आलीये तर तेन्गो स्वेन्यो. हे लेक्चर झोप आणतंय तर "मे दा स्वेन्यो". देणारा असेल तर दा, नसेल तर तेन्गो. भीतीचंही तसंच, तेन्गो मिएदो म्हणजे मी घाबरलेय, "मे दा मिएदो एल पेर्रो" म्हणजे त्या कुत्र्याची भीती वाटते.

त्याच्या वरची पायरी "नो सोपोर्तो" किंवा "नो आग्वान्तो", सहन होत नाही, यात मी स्वतः कर्ता, मे नको. मग "एस्तोय आर्ता", वैतागलेय, पुरुष असाल तर "आर्तो", वैतागलोय, पुढे "दे" आणि कारण. आणि कोणाचा चेहराच आवडत नसेल तर "मे काए माल". काएर म्हणजे पडणं, तो मला वाईट पडतो. आवडत असेल तर "मे काए ब्येन". ऑफिसातल्या माणसाबद्दल "मे गुस्ता" म्हणू नका, मराठीत "मला तो आवडतो" म्हटल्यावर मैत्रिणी जशा भुवया उंचावतात तशाच तिकडच्याही उंचावतात. मेक्सिकोत "मे काए गोर्दो", तो मला जाड पडतो! म्हणजे डोक्यात जातो. रागावणं स्पेनमध्ये "एन्फादार्से" आणि लॅटिन अमेरिकेत बहुतेक "एनोखार्से".

कोणी काहीतरी केलेलं आवडत नाही

हा खरा डोंगर आणि सगळ्या क्लासेसमध्ये लोक इथे गळतात. देले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या बी वन लेव्हलपासून हे यायला लागतं.

मराठीत दोन वाक्यं म्हणा. "मला थांबायला आवडत नाही." थांबणारी मी, न आवडणारी पण मी. "त्याने खुर्च्या ओढलेल्या मला आवडत नाहीत." ओढणारा तो, वैतागणारी मी. बघा, आपलं व्याकरणच दोन्हीकडे वेगळं झालं, एकीकडे "यला", दुसरीकडे "ने" आणि "लेलं". स्पॅनिशमध्येही हीच फट आहे आणि बरोबर याच जागी. जिथे मराठीत "यला" येतं तिथे मूळ क्रियापद, "नो मे गुस्ता एस्पेरार". जिथे "त्याने अमुक केलेलं" येतं तिथे "के" लावायचा आणि त्यापुढे सुब्खुन्तीबो, म्हणजे क्रियापदाचं एक वेगळं रूप.

रूप करायची युक्ती सोपी आहे, स्वराची अदलाबदल. ज्यांचं मूळ रूप आर ने संपतं त्यांचा आ जातो ए येतो, ज्यांचं एर-इर ने संपतं त्यांचा ए जातो आ येतो. आब्ला (बोलतो) चं आब्ले, कोमे (खातो) चं कोमा. जी "मी" च्या रूपात वाकडी होतात ती तोच वाकडेपणा घेऊन येतात, आगो (मी करते) वरून आगा, पोन्गो (मी लावते, ठेवते) वरून पोन्गा. पाठच करावी लागतील अशी मोजकी: सेर चं सेआ, इर (जाणं) चं बाया, एस्तार चं एस्ते, आबेर (असणं) चं आया, साबेर (माहीत असणं) चं सेपा.

मग कटकट धडाधड तयार होते. "मे मोलेस्ता के ला खेन्ते आब्ले एन एल सीने", लोकांनी थेटरात बोललेलं खटकतं (आब्ले एकवचनी, खेन्ते आठवा). "मे दा आस्को के कोमा कोन ला बोका आब्येर्ता", त्याने तोंड उघडं ठेवून खाल्लेलं बघून किळस येते. "नो सोपोर्तो के मि एर्मानो देखे लोस प्लातोस सुस्योस", भावाने उष्टी भांडी तशीच टाकलेली सहन होत नाहीत. "मे दा राब्या के येगे तार्दे", तो उशिरा आला की डोकं फिरतं. के पासून पुढे जे काही असेल त्याचा अख्खा बोचका एकवचनीच, म्हणून मोलेस्ता, मोलेस्तान कधीच नाही, भले पन्नास लोक बोलत असोत.

माझ्या वरच्या शेजाऱ्यासाठी मी शेवटी चिठ्ठी लिहून लिफ्टमध्ये चिकटवली. खूप सौम्य, "मे मोलेस्ता के आर्रास्त्रा लास सियास पोर ला नोचे", रात्री खुर्च्या ओढता त्याचा त्रास होतो. दुसऱ्या दिवशी बघते तर चिठ्ठी तिथेच, "आर्रास्त्रा" मधला शेवटचा आ पेनाने खोडून वर "ए" केलेला. आर्रास्त्रे. बाकी एक अक्षर नाही. खुर्च्या अजून महिनाभर चालू होत्या पण सुब्खुन्तीबो मी तेव्हापासून कधी चुकले नाही.

अगदीच जमत नसेल तर पळवाट आहे, "के" ऐवजी "क्वान्दो" म्हणजे जेव्हा. "मे मोलेस्ता क्वान्दो फुमान", ते सिगरेट ओढतात तेव्हा. इथे साधं रूप चालतं. पहिले सहा महिने खुशाल वापरा. आणि भूतकाळात, म्हणजे तेव्हा खटकलं होतं असं सांगायचं तर अजून एक रूप आहे, "मे मोलेस्तो के येगारा तार्दे", त्याच्यात आत्ता नको शिरायला.

कोणी कटकट सांगितली की हो ला हो पण द्यायला यावं. "मलापण" म्हणजे "आ मी ताम्ब्येन". पण समोरच्याचं वाक्य नकारार्थी असेल, नो मे गुस्ता वगैरे, तर "मलापण नाही" ला "आ मी ताम्पोको". ताम्ब्येन तिथे चालत नाही.

नाक, केस, कोपर

अवयव शिकलात ते वर्णनापुरतेच नाहीत, अर्ध्या शिव्यागाळी त्यांच्यावरच चालतात. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं हे "मेतेर लास नारीसेस", शब्दाला शब्द आपलंच, फक्त नाकं अनेक. वैतागाची पातळी स्पेनमध्ये अंगावर मोजतात, पूर आल्यासारखी. "एस्तोय आस्ता लास नारीसेस", नाकापर्यंत आलंय. "आस्ता ला कोरोनीया", टाळूपर्यंत. "आस्ता एल मोन्यो", अंबाड्यापर्यंत, हे मला फार आवडतं, आमच्या आजीच्या तोंडी शोभलं असतं. नाकी नऊ येणारे आपण, आपल्याला हे समजवायला लागत नाही.

फटकळ माणसाबद्दल आपण म्हणतो जिभेला हाड नाही, ते म्हणतात "नो त्येने पेलोस एन ला लेन्ग्वा", जिभेवर केस नाहीत. कोपराने बोलणारा, "आब्ला पोर लोस कोदोस", म्हणजे तोंडाची टकळी थांबत नाही असा. मेक्सिकोत कोणाला नुसतं "कोदो" म्हटलं तर तो चिकट, पैसे न सुटणारा. "त्येने मुचा कारा", तोंड फार मोठं, म्हणजे निर्लज्ज. केस घेतले तर, "मे तोमा एल पेलो", तो माझी टर उडवतोय. आणि "मे साका दे कीस्यो", दार जिथे बिजागरीवर बसतं त्या चौकटीतून मला उखडून काढतो, म्हणजे डोकंच फिरवतो. हे सगळं मित्रांत, बॉसपुढे मोलेस्ता पुरे.

आता सगळं एकत्र करून एखादा डोक्यात जाणारा माणूस निवडा आणि रोज पाच वाक्यं मोठ्याने बोला. माझी अशी होती: "मि बेसिनो तेन्द्रा उनोस सिन्क्वेन्ता आन्योस. एस बाखीतो, त्येने बिगोते इ येबा गाफास. पारेसे उना पेर्सोना सेर्या, पेरो मे साका दे कीस्यो. नो सोपोर्तो के आर्रास्त्रे लास सियास. एस्तोय आस्ता एल मोन्यो." म्हणजे शेजारी पन्नाशीचा असेल, बुटकुला, मिशी, चष्मा, दिसायला गंभीर पण डोकं फिरवतो, खुर्च्या ओढतो ते सहन होत नाही, अंबाड्यापर्यंत आलंय. माणूस कुठलाही घ्या पण खराखुरा घ्या, पुस्तकातल्या शेजाऱ्यावर राग येत नाही आणि राग आल्याशिवाय ते "आर्रास्त्रे" तोंडात बसत नाही.

एक राहिलं, समोरच्याची परवानगी. "ते मोलेस्ता सि आब्रो ला बेन्ताना?", म्हणजे मी खिडकी उघडली तर तुला त्रास होईल का. आपण याचा अर्थ मनात "उघडली तर चालेल का" असा लावतो, आणि चालेल का ला आपलं उत्तर हो. माझ्या मेक्सिकन रूममेटने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं "ते मोलेस्ता सि फुमो?", मी अगदी हसून "सी, सी!" म्हणाले. तिने सिगरेट विझवली, सॉरी म्हणाली आणि जानेवारीच्या थंडीत बाल्कनीत जाऊन उभी राहिली, मी आतून बघत बसले हिला काय झालं म्हणून. चालणार असेल तर उत्तर "नो, नो, पारा नादा".